पांढरी पारखून घ्यावी

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मराठी भाषक कर्मचाऱ्यांपुढे आदिलाबाद येथे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतर कायमचे राहण्यासाठी एखादे लहानसे, देखणे गाव कसे निवडावे आणि तेथे घर कसे बांधावे, हा विषय आपण मला दिला आहे. विषय वरवर पाहता आनंदाचा आहे; परंतु त्यामागे आयुष्याची सारी पुंजी उभी असते. तीस-पस्तीस वर्षे बदल्यांच्या गावी भाड्याच्या खोल्यांत वा सरकारी निवासस्थानांत काढलेला कर्मचारी उपदान व भविष्य निर्वाह निधीची रक्कम हाती पडताच एकदाच घर बांधतो. ते चुकले, तर दुसऱ्यांदा बांधण्याइतके वयही उरत नाही आणि पैसाही उरत नाही. म्हणून या विषयाचा विचार थोडा सावकाश, थोडा कठोरपणे करावा असे मला वाटते.

आमच्या खात्याचे काम प्रदेशाची ओळख करून देण्याचे. आम्ही पुस्तिका काढतो, छायाचित्रे लावतो आणि धबधबे दाखवितो ते श्रावणातले. त्यात असत्य काही नसते. परंतु छायाचित्र हे एका क्षणाचे असते आणि घर हे बारा महिन्यांचे असते. आज मी आपणांस पुस्तिकेत न येणारे अकरा महिनेही सांगणार आहे.

या भूमीची ओढ

आदिलाबादची ओढ मराठी माणसाला का वाटावी, हे समजण्यासारखे आहे. पैनगंगा ओलांडली की विदर्भातून माणूस येथे येतो. परंतु आपण परक्या मुलुखात आलो असे त्याला वाटत नाही. जैनथ, बेला, तलमडुगू या भागांतील अनेक गावांत आजही घरची बोली मराठीच आहे. कापसाची शेते तीच, बैलपोळा तोच, भाकरीही तीच. याला इतिहास आहे. हैदराबाद संस्थानात हा जिल्हा मराठवाड्याच्या शेजारी एकाच राज्याखाली नांदत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले आणि नांदेड जिल्ह्यातील मुधोळचा भाग इकडे आला. रेषा नकाशावर आखली गेली. सोयरिकी मात्र रेषेच्या दोन्ही बाजूंस राहिल्या. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य अस्तित्वात आले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद हे जिल्हे वेगळे झाले.

निसर्गानेही येथे हात आखडता घेतलेला नाही. सागाची वने, कुंटाला आणि पोचेरा येथील धबधबे, उटनूरचे पठार, पौष अमावास्येला केसलापूर येथे भरणारी मेस्राम गोंडांची नागोबाची जत्रा, ही या भूमीची श्रीमंती होय. हिवाळ्यात येथील पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. नागपूर उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद दक्षिणेस सुमारे तीनशे किलोमीटर, आणि दोहोंना जोडणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग शहरालगत जातो. एवढे सारे पाहिल्यावर माणसाचे मन भुलले, तर त्यात त्याचा दोष नाही. परंतु भुललेल्या मनाने विसार देऊ नये, एवढेच माझे सांगणे आहे.

काळी आणि पांढरी

गाव वसविण्याचे शास्त्र आपल्या पूर्वजांजवळ होते. त्यांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथामुळे ही विभागणी शहरी वाचकांनाही परिचित झाली. या शब्दांकडे आपण आता केवळ महसुली परिभाषा म्हणून पाहतो. वस्तुतः त्यांत स्थापत्याचा एक धडा दडलेला आहे.

काळी कापसाची माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्या गुणामुळे ती कापसाच्या मुळाशी ओल धरून ठेवते, त्याच गुणामुळे ती घराचा पाया दरवर्षी वर उचलते आणि पुन्हा खाली सोडते. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघालेली भेग पाहिली की भिंतीला दोष देऊ नये. तो खालच्या मातीचा श्वासोच्छ्वास आहे. म्हणून पूर्वज काळीत पेरीत आणि पांढरीत राहात.

आज मात्र शहरालगतची काळी जमीन भूखंड पाडून विकली जाते. ती सपाट असते, रस्त्याला लागून असते आणि कागदावर फार सुबक दिसते. अशा जमिनीवर घर बांधता येतच नाही असे नाही. पाया कोठवर न्यावा, हा प्रश्न आहे. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर पाया तेथवर न्यावा. माती खोल असेल तर ऋतुमानाचा परिणाम साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोचतो, असा अभियंत्यांचा अनुभव आहे. अशा जमिनीसाठी रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खांबांची पद्धत विकसित केली. हे खांब स्थिर थरात रुतून बसतात. त्यांवरील तुळई आणि जमीन यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी ती घराला ढकलीत नाही. याला खर्च येतो. म्हणून भूखंडाचा भाव विचारताना पायाचा खर्च त्यात मिळवून मगच तो स्वस्त की महाग हे ठरवावे. व्यवहारापूर्वी जाणत्या अभियंत्यासमोर एक चाचणी खड्डा खणून घ्यावा. तो एका दिवसाचे काम आहे आणि वीस वर्षांची चिंता वाचवितो. घराभोवती पाणी न मुरेल असा उतरता फरसबंद पट्टा ठेवावा आणि फार पाणी ओढणारी झाडे भिंतीपासून दूर लावावीत.

पाणी: उणे आणि अधिक

दुसरी पारख पाण्याची. या जिल्ह्यात वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणून पाण्याची ददात नसेल असे नवागताला वाटते. परंतु आदिलाबादच्या आसपास पुष्कळ ठिकाणी खाली काळा पाषाण आहे. पाषाणात पाणी भेगांतून वाहते. एका विहिरीला भरपूर पाणी आणि पन्नास पावलांवरची दुसरी कोरडी, असा प्रकार त्यामुळे घडतो. तेव्हा जागा पाहण्यास श्रावणात न जाता वैशाखात जावे. शेजारच्या घरी जाऊन विचारावे की मे महिन्यात आपली कूपनलिका किती वेळ चालते आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येते. पाणी प्रयोगशाळेत तपासूनही घ्यावे. याच राज्यातील नलगोंडा जिल्ह्याने पाण्यातील फ्लोराइडमुळे पिढ्यान्‌पिढ्या सोसलेले दुःख सर्वश्रुत आहे, आणि फ्लोराइड चवीने कळत नाही.

वैशाखात एकदा पाहिलेली जागा पुन्हा आषाढ-श्रावणात पाहावी. या वेळी प्रश्न अधिक झालेल्या पाण्याचा असतो. निर्मल हे या भागातील अतिशय रमणीय शहर. लाकडी खेळण्यांमुळे त्याचे नाव देशभर झाले आहे, आणि जुने किल्ले व तलाव यांमुळे त्याला एक वेगळीच शोभा आहे. जुलै २०२१ मध्ये त्याच शहरातील एक नवी वसाहत पुराच्या पाण्याखाली गेली आणि रहिवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. पुढच्याच वर्षी, जुलै २०२२ मध्ये, कडेम धरणावर आलेल्या पाण्याने साऱ्या जिल्ह्याचा श्वास रोखून धरला होता. तलावांच्या प्रदेशात प्रत्येक सखल जागेला पाण्याची एक जुनी वाट असते. दहा वर्षे पाऊस बेताचा पडला की ती वाट कोरडी दिसते, तिच्यावर खुणेचे दगड रोवले जातात आणि तिला नगराचे नाव मिळते. पाणी मात्र ते नाव वाचीत नाही. गावातील सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना जागेवर नेऊन, मोठ्या पुरात पाणी कोठवर आले होते हे विचारावे. अशा वेळी त्यांचे बोट जेथवर जाईल, त्याच्या वर आपला जोता असावा.

जमीन कोणाची?

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळतो. माती आणि पाणी यांची पारख चुकली तर नुकसान आपले होते. जमिनीच्या हक्काची पारख चुकली तर नुकसान दुसऱ्याचेही होते.

उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर हा या जिल्ह्याचा सर्वांत मनोहर भाग होय. तोच गोंड, कोलाम, परधान या समाजांचा मूळ मुलूख आहे आणि त्यातील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथे १९५९ चा अनुसूचित क्षेत्रे जमीन हस्तांतरण विनियम लागू आहे. तेलंगण भागात तो १९६३ पासून अमलात आला आणि १९७० मध्ये अधिक कडक करण्यात आला. लोक त्याला 'एक सत्तर' या नावाने ओळखतात. त्यानुसार अनुसूचित क्षेत्रातील स्थावर मालमत्ता अनुसूचित जमातीची व्यक्ती किंवा केवळ अशा व्यक्तींची सहकारी संस्था यांखेरीज अन्य कोणासही हस्तांतरित करता येत नाही. विकणारा स्वतः बिगर-आदिवासी असला तरीही हाच नियम आहे. तेथील जमीन बिगर-आदिवासी माणसाच्या ताब्यात आढळली, तर ती मूळ आदिवासीकडूनच आली असे कायदा गृहीत धरतो, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर टाकतो. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. तेव्हा साध्या कागदावर करार करून, अथवा एखाद्या आदिवासी बांधवाचे नाव पुढे करून आपण मागे राहण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा. अनुसूचित क्षेत्राची यादी गावनिहाय असते, म्हणून केवळ तालुक्याच्या अथवा मंडळाच्या नावावर विसंबू नये. नदीपलीकडे महाराष्ट्रात घर पाहणाऱ्यांनीही हेच ध्यानात ठेवावे. तेथे जमीन महसूल संहितेत १९७४ साली घातलेल्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यावर निर्बंध आहेत.

काही जण म्हणतात की हा कायदा जाचक आहे. ज्याला शांततेत चार दिवस काढायचे आहेत त्या वृद्धाने कोणाचे काय बिघडविले? हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे दिले पाहिजे. हा कायदा एका दीर्घ दुःखातून जन्मला आहे. रस्ता झाला, बाजार आला, आणि त्यांच्यामागून बाहेरचे शेतकरी, व्यापारी व सावकार आले. त्यांत मराठी बोलणारेही होते. कागद न वाचता येणाऱ्या माणसाच्या हातून कागदावरची जमीन निसटत गेली. कुमरम भीम यांनी या भूमीत जमीन व जंगल यांच्या हक्कासाठी लढा दिला आणि १९४० साली जोडेघाट येथे त्यांना वीरमरण आले. त्यानंतर निजाम सरकारने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना येथील परिस्थितीच्या अभ्यासासाठी पाठविले. त्यांच्या प्रयत्नांतून मारलावाई येथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र निघाले आणि अनेक गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. तरीही पुढील दशकांत जमीन जातच राहिली. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे जमिनीच्या गाऱ्हाण्यांसाठी जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. अधिकृत आकड्यानुसार १३ माणसे मृत्युमुखी पडली. प्रत्यक्षातील संख्या याहून फार मोठी होती असे अनेकांनी म्हटले आहे. तेथे उभा असलेला स्तंभ आपण जाता-येता पाहिला असेल.

घर बांधणारा प्रत्येक माणूस वाईट हेतूने येतो असे मी म्हणत नाही. परंतु एकेका सज्जन माणसाने घेतलेल्या एकेका लहान तुकड्याची बेरीज मोठी होते. आपल्या ओसरीवरून दिसणारी टेकडी सुंदर आहे, एवढ्याने आपला तिच्यावर हक्क पोहोचत नाही. ती पाहण्यास जावे, जत्रेस जावे, तेथील बाजारात माल घ्यावा, आणि संध्याकाळी आपल्या गावी परत यावे.

अनुसूचित क्षेत्राबाहेर, म्हणजे आदिलाबाद शहरासारख्या ठिकाणी, घरासाठी जागा घेता येते. तेथेही कागद नीट पाहावेत. महाराष्ट्रात आपण सातबारा पाहतो. येथे पहाणी आणि पट्टादार पासबुक पाहण्याचा रिवाज आहे. शेतजमिनीच्या नोंदींसाठी २०२० साली 'धरणी' ही संगणकीय व्यवस्था आली आणि २०२५ मध्ये तिच्या जागी 'भू भारती' आली. नोंदणी कार्यालयातून बोजाविषयीचे प्रमाणपत्र घ्यावे. शेतजमीन अकृषिक झाली आहे काय आणि भूखंडांचा आराखडा मंजूर आहे काय, हे पाहावे. लहान निवासी भूखंडांसाठी मालकाच्या स्वयंप्रमाणनावर बांधकाम परवानगी देण्याची पद्धत २०२० च्या कायद्याने आणली. सोय मोठी आहे, परंतु खोटे प्रमाणन आढळल्यास बांधकाम पाडले जाऊ शकते. येथे भाव चौरस यार्डाचा, म्हणजे गजाचा सांगतात. १२१ चौरस यार्डांचा एक गुंठा होतो हे लक्षात ठेवावे. कागद तेलुगू भाषेत असतील, तर ते आपल्या विश्वासाच्या माणसाकडून वाचून घेतल्याखेरीज सही करू नये.

गाव म्हणजे माणसे

माती, पाणी व हक्क हे तिन्ही नीट असले तरी गाव निवडून झाले असे होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव जिल्ह्यांतील अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. घरे मजबूत झाली, रस्ते रुंद झाले. परंतु शेजार तुटला, शेत दूर गेले आणि घरासमोरचा पार राहिला नाही, अशी खंत तेथील वृद्ध पुढे अनेक वर्षे बोलून दाखवीत. घर नवे उभारता येते. शेजार हळूहळू वाढतो. तो वाढविण्यास आपल्याजवळ किती वर्षे आहेत याचा हिशेब निवृत्त माणसाने केलाच पाहिजे.

म्हणून काही साधे प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागले तर रुग्णालय किती अंतरावर आहे? आदिलाबाद शहरात २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे, ही मोठी जमेची बाजू होय. परंतु शहरापासून चाळीस किलोमीटरवर घर बांधणाऱ्याला तिचा लाभ त्या मानाने उशिरा मिळेल. मुले-नातवंडे कोणत्या वाटेने येतील? आदिलाबाद ते मुदखेड हा रेल्वेमार्ग किनवटवरून जातो व पुढे नांदेडशी सांधतो. पत्नीला वा पतीला मागे एकटे राहावे लागले, तर तिच्याशी वा त्याच्याशी बोलणारे कोणी आहे काय? हा प्रश्न कटू आहे, पण घराचा नकाशा काढण्यापूर्वी दोघांनी मिळून तो विचारावा. नकाशावर सही एकाची असली तरी घरात दोघांना राहायचे असते.

येणाऱ्या कारखान्याच्या भरवशावर गाव निवडू नये. आदिलाबाद येथे भारतीय सिमेंट महामंडळाचा कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला. त्याच्या आधाराने अनेकांनी बेत केले. पुढील दशकातच त्याचे उत्पादन थांबले. जे आज गावात आहे तेवढेच आपले. उद्या येणार ते आले तर बोनस समजावा.

आणि तेलुगू शिकावे. या जिल्ह्यात मराठीवर निभावते, हे खरे. परंतु निभावणे वेगळे आणि नांदणे वेगळे. शेजारच्या घरातील सुखदुःख कळण्यापुरती तेलुगू आणि बाजारात 'राम राम' म्हणण्यापुरती गोंडी येणारा माणूस पाहुणा राहात नाही.

आधी चालावे, मग बांधावे

नगररचनेचे एक थोर आचार्य पॅट्रिक गेडीस हे १९१९ ते १९२४ या काळात मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे प्रमुख होते. हिंदुस्थानातील अनेक शहरे त्यांनी पायी फिरून पाहिली. आधी गावाचे निदान, मग उपचार, अशी त्यांची शिकवण होती. त्यांनी ती नगरपालिकांसाठी सांगितली. आपण ती आपल्या घरापुरती आचरणात आणावी. जे गाव मनात भरले असेल, तेथे आधी एक वर्ष भाड्याने राहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा काढावा. सकाळी पायी फिरावे. दवाखान्यात, टपाल कचेरीत, बाजारात, स्मशानाच्या वाटेवरही जावे. एका वर्षाच्या भाड्यात गाव आपल्याला कळते आणि गावालाही आपण कळतो. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे.

मग घर लहान बांधावे. आदिलाबादचा उन्हाळा कडक असतो, म्हणून पश्चिमेची भिंत जाड, तिकडील खिडक्या लहान, उंच छत आणि पुढे रुंद ओसरी असावी. दोन माणसांना दोन खोल्या पुरतात. ओसरी मात्र चार माणसे टेकतील एवढी ठेवावी. कारण म्हातारपणी माणसाला खोलीपेक्षा सोबत अधिक लागते.

बंधू-भगिनींनो, पूर्वजांनी गाव वसविताना पांढरी पारखली, पाण्याची वाट सोडली आणि बारा बलुत्यांना जागा दिली. त्या व्यवस्थेत विषमता होती आणि ती आपण टाकून दिली, हे योग्यच झाले. परंतु वस्तीला माती, पाणी आणि माणसे या तिघांचीही संमती लागते, हे त्यातील शहाणपण टाकून देण्याजोगे नाही. आपण आयुष्यभर जनतेची कामे केलीत. आता आपल्या हातून उभे राहणारे घर असे असावे की त्याच्या पायाखाली कोणाचे शेत, कोणाची पाण्याची वाट अथवा कोणाचा निःश्वास दबलेला नसेल. अशा घरात झोप चांगली लागते.